नाकारलेली बढती

पुंजारामने बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर परत सरकवला आणि आपल्याला झेपायचं नाही, एवढं सांगून तो केबिनबाहेर पडला. साहेबांनी आग्रह केला नाही. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतंच, अशी त्याची खात्री झाली.

त्याला सावध केलं होतं दाऊदभाईने. चितेगावच्या त्या कारखान्यात दोघे शेजारशेजारच्या मशीनवर काम करायचे. युनियनमध्ये वावरल्यामुळे दाऊदभाईला कायदा थोडाफार कळत होता.

"पुंजा, कामगार हायेस तवर काढायचं तर आरोप ठेवावा लागतो, चौकशी करावी लागती. एकदा का सुपरवायझर झालास की महिन्याचा पगार हातावर ठिवून कवाबी घरी. कारण बी सांगायची गरज नाय."

घरी बायको आशाबाई दोन दिवस अबोला धरून होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली ती एवढंच, की दाऊदभाईच्या पोटात दुखलं असेल. पुंजारामने तिला गप्प केलं, पण शंका काही गप्प बसेना.

पुढच्याच आठवड्यात पांढरा शर्ट घालून दाऊदभाई सुपरवायझरच्या खुर्चीत बसला. पुंजारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघेही बिडकीनचे, वर्षानुवर्षं एका बाकावर बसून येणारे-जाणारे. आता पुंजाराम बसमध्ये मुद्दाम मागे जाऊन बसू लागला. दाऊदभाई एकदा बोलायला आला, तर याने तंबाखू मळत तोंड फिरवलं.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी दाऊदभाईला घरी पाठवलं. कारण सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी बिडकीनवरून पैठणला जाणाऱ्या बसमध्ये पुंजारामच्या जिभेला हाड राहिलं नाही. बिडकीनच्या दाऊदने जोडीदाराला भीती घालून साहेबी कशी लाटली आणि आज ती कशी गेली, हे त्याने उभ्या-बसल्या सगळ्यांना नावानिशी ऐकवलं. लोक हसले. त्याला फार बरं वाटलं.

बिडकीनला उतरून तो तसाच दाऊदभाईच्या दारात गेला. अजून जाब विचारायचा राहिला होता. दाऊदभाई ओट्यावर बसला होता, अंगात तोच शर्ट. कमरुन्निसाभाभी पाणी ठेवून आत गेली.

"मला भेव घातलं, आन् तुम्ही सोताच बसले व्हय त्या खुर्चीत?"

"मी खोटं काय सांगितलं होतं?" दाऊदभाई शांतपणे म्हणाला.

पुंजाराम ओट्याच्या कडेला टेकला.

"पोरीला, राहतला, पैठणचं स्थळ आलं. मुलीचा बाप काय करतो, इचारलं. मशीनवर हाय म्हणलं की आजवर समदे परत गेले. मला ठावं होतं, ही खुर्ची टिकायची नाय. म्हणलं, निकाह होईस्तोवर टिकली तरी लई झालं. तुला सांगाया आलो होतो त्या दिवशी."

पुंजारामने पाण्याचा पेला हातात घेतला.

"शुक्रवारी निकाह हाय," दाऊदभाईने आवाज खाली आणला. "कारखान्यात समद्यांना हात जोडून आलोय. तू तेवढा भेटला नव्हतास. तवर पैठणला कळू नये, पुंजा."

"नाय कळणार," पुंजाराम म्हणाला.

त्याने पाणी न पिताच पेला खाली ठेवला. ज्या बसमधून तो उतरला होता, ती एव्हाना पैठणच्या स्टँडवर पोहोचत आली असेल.