एक नंबरच्या जर्सीचा चिखल

"उद्या तो माणूस दारात आला, तर तू तोंड उघडायचं नाहीस, आई."

नेव्हिल हे ताटाकडे बघून बोलला. आईकडे बघून बोलायची त्याची छाती चव्वेचाळिसाव्या वर्षीही झाली नव्हती. रविवारची दुपार होती. पिठाचं, भट्टीत फुगलेलं बिनगोडाचं पुडिंग ताटात तसंच पडलं होतं आणि त्याच्या खळग्यात ओतलेला मटणाचा रस्सा निवत चालला होता.

"तोंड माझं आहे," हेटी ओल्ड्रॉइड म्हणाली. "दारही माझंच. आणि ते पुडिंगसुद्धा माझं आहे, गार व्हायच्या आत गिळ. मग काय ती हुकमत चालव."

"थट्टा नको करूस. एकच जागा आहे. एकच."

"एकपर्यंत मोजायला शिकवलं होतं मला शाळेत. पुढचं नाही शिकवलं, पण तेवढं येतं."

जागा एकच होती हे खरं. शहरातल्या मोठ्या रग्बी क्लबला पोरांच्या संघासाठी एक फुलबॅक हवा होता. त्या पोराला शिकवायचं, पोसायचं आणि पुढे पगारी खेळाडू करायचं. थॉर्पली गावात सतरा वर्षांचे फुलबॅक होते दोन. एक नेव्हिलचा क्रेग, म्हणजे हेटीचा सख्खा नातू. दुसरा डीन, त्याची आई मॉरीन कोपऱ्यावरच्या दुकानात मासे तळायची. गावचा प्रशिक्षक अर्नी याला दोघांतला एक निवडवेना, म्हणून सप्टेंबरपासून त्यानं एक शनिवार याचा, एक शनिवार त्याचा असं चालवलं होतं. मोठ्या क्लबचा पारखी दोघांना एकेकदा बघून गेला होता. शेवटचं बघायला तो काल येणार होता, तर फेब्रुवारीच्या थंडीनं मैदानाचं लोखंड झालं आणि सामना रद्द झाला. नाव मात्र बुधवारी कळवायचंच होतं. तेव्हा अर्नी त्याला म्हणाला, "वर्षभर दोघांवर सारखी नजर कुणाची असेल तर हेटीची. सोमवारी तिच्याकडे जाऊ."

"पोराला इथं काय आहे, सांग ना," नेव्हिल म्हणाला. "खाण गेली. मी गोदामाच्या फाटकावर बसून लॉऱ्यांचे नंबर लिहितो. त्यानं काय माझ्या शेजारी खुर्ची टाकायची?"

हेटीनं त्याच्या ताटात आणखी रस्सा ओतला. नेव्हिलला वाटलं, आई कबूल झाली. त्यानं डाव्या हातानं काटा उचलला.

हेटी कधी सामना बघायला जात नसे. "थंडीत उभं राहून दुसऱ्याच्या पोरांना शिव्या घालायच्या, त्यापेक्षा घरात बसून आपल्यांना घालाव्यात," असं तिचं म्हणणं. पण क्लबच्या जर्स्या सत्तेचाळीस वर्षं तिच्याच मागच्या दारी येत होत्या. शनिवारी संध्याकाळी पोतं यायचं, सोमवारी धुणं. सोमवारी घरामागच्या बोळात आरपार दोऱ्या बांधलेल्या असत, आणि कोळसेवाल्याची काय बिशाद की त्या दिवशी गाडी आत घालेल! एकदा नवा गडी चुकून आला होता. आपल्या घोड्याला घेऊन तो उलट्या पावलांनी कसा गेला, हे बोळातल्या म्हाताऱ्या अजून हसून सांगत.

जर्सी टबात टाकण्याआधी हेटी ती फरशीवर पसरून बघायची. सुती कापड, निळा रंग, खांद्यावर पांढरा पट्टा. आधी बघायची ती कुठं जास्त सोडा लागेल म्हणून. मग कधीतरी तिला ते वाचता यायला लागलं. अक्षरं वाचताना तिची जीभ बाहेर यायची, पण चिखल ती घडाघडा वाचायची.

सगळ्यात जास्त बोलायची ती एक नंबरची जर्सी. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहणारा. बारा गड्यांना चुकवून जो येतो, तो याच्या अंगावर. आभाळातून चेंडू पडतो, तो याच्या डोक्यावर. त्याच्या मागे फक्त गोलरेषा. उंचावरून आलेला चेंडू त्यानं छातीशी धरला असेल, तर पोटाच्या वर ताटलीएवढा गोल डाग. हातून सुटला असेल, तर कोपरं काळी. आणि धावत आलेल्या गड्याला खांदा लावून पाडलं असेल, तर पांढऱ्या पट्ट्यावर त्या गड्याच्या मांडीचा चिखल. तो डाग सगळ्यांत चिवट. तो काढताना हेटी सगळ्यात जास्त कुरकुरायची आणि मनातून सगळ्यात जास्त खूश व्हायची.

सेथ ओल्ड्रॉइड तिला आधी जर्सीवरून माहीत झाला आणि मग तोंडावरून. एकोणीस वर्षांची होती ती, मावशीच्या हाताखाली धुणं धुवायची. दर सोमवारी त्या एका जर्सीचे दोन्ही खांदे नांगरल्यासारखे. "कोण गं हा रानडुक्कर?" तिनं विचारलं होतं. मावशी म्हणाली, "लग्नाचा आहे." तेव्हा टब तांब्याचा होता, जर्स्या पिळायला हातानं फिरवायचा लाकडी रूळ होता, आणि खाणीचा भोंगा झाला की बोळातल्या सगळ्या बाया एकदम चहाचं आधण ठेवायच्या. आता भोंगा नव्हता. सेथही नव्हता, खाणीच्या धुळीनं छाती भरून तो नऊ वर्षांमागे गेला. आधण तेवढं हेटी अजून त्याच वेळेला ठेवायची.

सोमवारी अर्नी त्या पारख्याला घेऊन मागच्या दारानं आला. पुढच्या दारानं थॉर्पलीत फक्त डॉक्टर आणि शवपेटी येई. पारखी उंच, पन्नाशीचा, अंगात उंची कोट. टब कोरडा होता. सामनाच झाला नव्हता.

"बसा," हेटी म्हणाली. "पाय पुसून बसा. अर्नी, तुला वेगळं सांगायला हवं का?"

"पुसले गं बाई."

"एकच पुसलास."

पारखी हसला. "अर्नी म्हणतो, तुम्ही चिखलावरून खेळाडू ओळखता."

"तुम्ही कशावरून ओळखता? कोटावरून?"

अर्नीनं घाईघाईनं चहाचा पेला तोंडाला लावला. पारख्यानं हसू आवरलं आणि मुद्द्यावर आला. "तुमचा क्रेग मी पाहिला. तीन ट्राय केले त्यानं, तीनदा चेंडू गोलरेषेपार नेऊन टेकवला, कुणाच्या हाती लागला नाही. असं पळणं मी वर्षात दोनदा बघतो. दुसरा पोरगा मेहनती वाटला. पण एका दिवसावरून काय ठरवणार? कोण किती वाढला, हे मला कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात, दोघं चांगले."

हेटी उठली. शेगडीवरची किटली उगाच सरळ केली. बाहेर बोळात रिकाम्या दोऱ्यांवर दंव गोठलं होतं.

सप्टेंबरपासून गावात सगळे तिला सांगत होते, तुझ्या नातवाची जर्सी बघ, पोटावरचा एक डाग सोडला तर जशी नेली तशी परत येते, कुणी शिवू शकत नाही त्याला. आणि तिनंही ते मिरवलं होतं, खोटं कशाला बोला. मॉरीनच्या दुकानात रांगेत उभं राहून मिरवलं होतं. "आमच्या क्रेगच्या जर्सीला फारसा सोडा लागत नाही," असं मॉरीनच्या तोंडावर म्हणाली होती. मॉरीन कढईतला मासा उलटत फक्त म्हणाली, "आमच्याच्या जर्सीचा तुम्हाला त्रास होत असेल, मिसेस ओल्ड्रॉइड."

"उभे राहा," हेटी पारख्याला म्हणाली.

तो उभा राहिला. तिनं त्याच्या उंची कोटावर बोट टेकवलं.

"सप्टेंबरात डीनची कोपरं काळी. दोन्ही. म्हणजे चेंडू हातात राहत नव्हता, त्याच्यामागं लोळत होता पोरगा. ऑक्टोबरात डाग इथं, बरगडीवर. म्हणजे चेंडूखाली जायला लागला, पण तिरका. नाताळाच्या आधी इथं." तिचं बोट कोटाच्या मधल्या बटणावर आलं. "गोल. ठसा मारल्यासारखा. मग एक खांदा भरायला लागला, उजवा. मी म्हटलं, हा गड्याला एकाच बाजूनं धरतो, डाव्या बाजूनं कुणी आला तर मेला. जानेवारीत डावाही भरला. मागच्या खेपेच्या जर्सीत दोन्ही खांद्यांना मी पाऊण तास घासत होते. शिव्या घालत होते त्याच्या आईला."

"आणि क्रेग?"

अर्नीनं पेला खाली ठेवला.

"क्रेगचा गोल डाग पहिल्या दिवसापासून मधोमध आहे," हेटी म्हणाली. "चेंडू धरायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आजोबावर गेलाय. पळण्याचं तुम्ही पाहिलंच. पण खांदे सप्टेंबरात कोरे होते, आजही कोरे आहेत. गडी अंगावर आला की तो हात लावतो, खांदा लावत नाही. इथं थॉर्पलीत चालून जातं. तुमच्याकडे हत्तीसारखे गडी येतील."

"तिकडे शिकवू आम्ही."

"तुम्ही शनिवारी जिंकायला बघाल. शिकवणार कधी?" ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "डीनला न्या. आमचा नको. अजून नको."

पारख्यानं कोट सारखा केला. "नातू आहे ना तुमचा?"

"म्हणूनच तर. चहा संपवा, गार झालाय."

अर्नी जाताना दारात रेंगाळला. "हेटी, नेव्हिल तुला कच्ची खाईल."

"शिजलेलीच चावत नाही त्याला," हेटी म्हणाली. पण दार लावल्यावर ती तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली.

नेव्हिल बुधवारी संध्याकाळी आला, गोदामाच्या गणवेशातच. बसला नाही.

"काय सांगितलंस तू त्याला?"

"तुझ्या वेळी जे सांगितलं नाही, ते."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला.

सत्तावीस वर्षांमागे असाच एक पारखी आला होता. तो सेथला विचारून गेला, आणि सेथनं रात्री जेवताना हेटीला विचारलं होतं, "पोराचं काय वाटतं गं? तू जर्स्या बघतेस." नेव्हिल समोरच बसला होता, कान टवकारून. त्याच्या जर्सीचे पांढरे पट्टे वर्षभर पांढरेच राहिले होते, हे तिला ठाऊक होतं. तिनं बटाटे वाढले आणि म्हणाली, "असा फुलबॅक या गावात पुन्हा व्हायचा नाही." नेव्हिल शहरात गेला. तिसऱ्याच सामन्यात एक धिप्पाड गडी मधली फळी फोडून त्याच्यावर आला. अंगावर आलेल्याला धरून पाडताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, हे नेव्हिलला माहीत नव्हतं. उजव्या खांद्याचे तीन तुकडे झाले. पुढच्या हिवाळ्यात तो बसनं परत आला, पिशवी डाव्या हातात घेऊन. त्यानंतर त्याचा उजवा हात कानाच्या वर कधी गेला नाही, आणि मैदानात तो कधी गेला नाही.

"तुला माहीत होतं," नेव्हिल म्हणाला.

"होतं."

"आणि तू..."

"मला वाटलं, मोठ्या क्लबात शिकवतील. मला वाटलं, माझा पोरगा शहरात जाईल, खाणीत नाही. मला मॉरीनच्या आईसमोर मिरवायचं होतं. काय काय वाटलं ते विचारू नकोस."

"इतकी वर्षं मी समजत होतो, माझंच चुकलं."

नेव्हिल दार न आपटता गेला. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

डीन शहरात गेला. मॉरीननं कागदात गुंडाळलेला मोठा मासा पाठवला, पैसे न घेता. हेटीनं तो परत पाठवला आणि निरोप दिला, "मी तुझ्या पोरावर उपकार केले नाहीत. जे दिसलं ते सांगितलं."

पुढच्या रविवारी तिनं सवयीनं चौघांच्या पुडिंगचं पीठ कालवलं. नेव्हिल नाही आला, सून नाही, क्रेग नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तिनं एकाचंच कालवलं. ते नीट फुगलं नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळलं. एका संध्याकाळी चर्चमधून येताना ती खाणीच्या जुन्या ढिगाऱ्याच्या बाजूनं निघाली. तिथं आता गवत उगवलं होतं आणि खाली एक सपाट, ओला तुकडा होता. तिथून तिला आवाज ऐकू आला.

"डोकं! डोकं माझ्या मागं ठेव! पुढं नाही, मागं! मान मोडून घ्यायचीय का?"

ती कुंपणाच्या खांबाशी थांबली. खाली नेव्हिल होता, गोदामाचा कोट काढून, पोट सुटलेला, उजवा हात अंगाशी आवळून. तो मागं गेला, वळला आणि बैलासारखा धावत समोर उभ्या असलेल्या क्रेगवर आला. क्रेगनं शेवटच्या क्षणी अंग चोरलं, हात लावला. नेव्हिल त्याला ओलांडून पुढं गेला, कण्हत थांबला.

"पुन्हा," तो म्हणाला.

"पप्पा, तुमचा खांदा..."

"माझ्या खांद्याचं तू बघू नकोस. तुझा बघ. पुन्हा."

दोघांच्याही अंगावर चिखल होता. इतक्या लांबून तो कुठं कुठं आहे ते हेटीला दिसत नव्हतं. नेव्हिल मागं चालत गेला. त्याचं लक्ष वर गेलं असतं तर ती दिसली असती. तिनं पदोपदी पाय घसरवणारी ती वाट सोडली आणि मागं फिरून रस्त्यानं, लांबच्या फेऱ्यानं घराकडे निघाली.

पाठीमागून धावण्याचा आवाज आला आणि मग धप्पकन कुणीतरी जमिनीवर आपटलं. कोण पडलं ते बघायला ती वळली नाही.