फौजदारची म्होरकी

इद्रिसने घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवला, दात नसतात त्या जागी दाबला, आणि फौजदारने नाइलाजाने तोंड उघडले. हा तांबडा घोडा नावाला जागणारा होता. कुणाचे ऐकायचे नाही, आणि ऐकलेच तर उपकार केल्यासारखे. इद्रिसने आत पाहिले न पाहिलेसे केले आणि हात काढून घेतला.

“दात ठीक हायेत,” तो म्हणाला.

“दातांचं कोण विचारतंय चाचा?” सोनाली म्हणाली. “मला काटेरी लगाम पायजे, तोंडात टोचणारा. वर सगळे तेच सांगतात.”

वर म्हणजे माथेरानला. सोनालीचा बाप गजा तिथे तीस वर्षे पाहुण्यांना घोड्यावरून फिरवत असे. गेल्या पावसाळ्यात तो गेला आणि घोडा सोनालीच्या हाती आला. मागच्या रविवारी फौजदार एका पाहुणीला घेऊन उधळला. बाई खोगिराला चिकटून राहिली म्हणून निभावले. पण घोडेवाल्यांनी बैठक बोलावून सोनालीला बजावले, पुन्हा असे झाले तर हा घोडा धंद्यातून बाद. बाद घोड्याला गिऱ्हाईक एकच, खोपोलीचा वरातवाला. कानाशी बँड, पायाशी फटाके. त्या विचाराने चार दिवस तिला अन्न गोड लागत नव्हते. शेवटी तिने नेरळहून इद्रिसला आपल्या गावी, कडावला बोलावून घेतले. तोही एके काळचा घोडेवाला, गजाचा जोडीदार. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आता खोगिरे आणि लगाम शिवत बसलेला.

“काटेरी लगाम मी शिवत पण नाय आन विकत पण नाय,” इद्रिस म्हणाला.

“मग याला थांबवायचं कसं? पाच माणसांचं बळ हाय त्याच्यात.”

“तुझा बाप कसा थांबवायचा?”

“बाबा पावण्यांच्या हातात लगाम द्यायचेच नाय. खोगिराची मूठ धरा म्हणायचे, आन आपण म्होरकीला धरून बाजूनं पळायचे.”

“आन तू?”

“मी देते. पावण्यांना फोटोत लगाम हातात पायजे असतो.”

इद्रिसला हसू आले. गजाचे ते पळणे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. दोघे पहाटे नेरळहून घोडे घेऊन घाट चढायचे, तेव्हा गजा सबंध वाट बोलत असायचा. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पोचेपर्यंत इद्रिसच्या सुनेपासून म्हशीपर्यंत सगळ्यांची चौकशी करून व्हायची. दिवसभर लाल धुळीत पळून तो असा रंगायचा की भुवयासुद्धा ओळखू येत नसत. मग एका चहाचे दोन भाग व्हायचे, आणि मोठा भाग इद्रिसच्या पुढे यायचा. तसा चहा इद्रिसला नंतर कुठे मिळाला नाही. नेरळला आता पावलोपावली टपऱ्या झाल्या आहेत, पण चहा अर्धा करून द्यायला कुणी नाही.

त्याने पिशवीतून कातड्याची एक म्होरकी काढली. नाकावरची पट्टी चांगली रुंद होती आणि तिला आतून लोकरीचा नमदा शिवलेला होता. पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी. त्याने ती घोड्याला चढवली, नाकपुडीपासून चार बोटे मोजून पट्टी हाडावर बसवली आणि लगामाचे पट्टे त्या कड्यांना अडकवले. तोंडात काहीच गेले नाही.

“खाली सरकू द्यायची नाय, श्वास कोंडतो. आन ओढून धरायचं नाय. ओढायचं आन सोडायचं. जा, फिरवून आण.”

भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात सोनालीने घोडा घातला. पहिल्याच खाचरात फौजदारने मान खाली घालून उसळी घेतली. बांध समोर आला तशी सोनालीने एका हाताने पट्टा ओढला आणि सोडला, पुन्हा ओढला आणि सोडला. घोड्याची मान वळली, मग अंग वळले. एक गोल रिंगण घालून तो उभा राहिला, आणि स्वतःच्याच शहाणपणाचे नवल वाटल्यासारखा फुरफुरला.

सोनाली उतरून आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

“तोंडात लोखंड नाय, तरी थांबला कसा?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. इद्रिसने पुन्हा घोड्याचे तोंड उघडले आणि तिला वाकून बघायला लावले. जिभेवर आडवी, बोटभर रुंद खाच होती.

“बारा वर्सं झाली. तवा घोडा माझा व्हता. मे महिना, गर्दी, आन ह्यो आवरेना. काटेरी लगाम घातला. एका वळणावर हिसका दिला, तर फेसासंगं रक्त. लोकांना सांगितलं, पत्रा चावून जीभ कापली. तुझ्या बापाला विकला तवा पण तेच सांगितलं.” तो बांधावर टेकला. “लोखंड ओढलं की त्याला ते दुखणं आठवतं. दुखण्यापासनं पळतो गं तो.”

सोनालीने घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

“म्हणून बाबा बाजूनं पळायचे,” ती म्हणाली.

“त्याला कुठं म्हाईत व्हतं? मी बोललोच नाय कधी.”

“दवाखान्यात मला सांगितलं त्यांनी. घोडा ओढायला लागला तर दुसऱ्या कुणाकडं नको, इद्रिसकडं जा. मी म्हटलं, त्यांच्याकडंच का? तर म्हणाले, त्याची एकदा चूक झालीय, तो तुला करू द्यायचा नाय. कसली चूक ते काय सांगितलं नाय.”

इद्रिस हातातला पट्टा नुसताच चाचपत राहिला.

“रागात व्हता का गं?”

“नाय चाचा,” सोनाली म्हणाली. “तुमचं नाव काढलं की हसायचेच ते.”