सरळ शिक्का

आधीच सांगतो, मला कुजिराईला संपवायचं होतं. न्याय वगैरे नंतर. आधी तो माणूस.

कुजिराई आमचा विभागप्रमुख. जपानमधल्या सागामिहारातली आमची कंपनी लहान, साठ माणसं. आम्ही उपग्रहाचं इंजिन बनवतो, इंधनाची टाकी नसलेलं. एकशे ऐंशी किलोमीटर उंचीवरही हवा असते. विरळ, पण असते, आणि उपग्रहाला मागे खेचत राहते. आमचं इंजिन तीच हवा तोंडाने घेतं, विजेने फोडतं आणि मागून जोरात फेकतं. जी खाली पाडायला बघते तिच्याच जिवावर वर राहायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही बोललोच नाही.

मी कॉलेजात गेलेलो नाही. इंजिन तपासायच्या निर्वात टाकीचे बोल्ट आवळायला लागलो, बाकी वाचून शिकलो. पण इंजिनाच्या तोंडाची जाळी माझी. हवा आत येते आणि उलटी पळून जाते, हा सगळ्यांचा त्रास होता. मी टॅपिओका चहा प्यायच्या चाळीस जाड नळ्या रबराने बांधल्या आणि त्यात वाटाणे फेकून बघितले. सरळ जोरात आलेला आरपार जातो. आत आपटून वाकडातिकडा उडालेल्याला परतीची नळी सापडत नाही. बस. तशी जाळी केली, आत तिप्पट हवा साठली.

पेटंटवर नाव कुजिराईचं. एकट्याचं. मला त्याने मशीनमधून कॉफीचा एक डबा काढून दिला. "सोमेया-कुन, हात चांगला आहे हो तुझा!"

हात. डोकं त्याचं म्हणे.

त्या दिवसापासून मी वाकणं बंद केलं. तोंडावर नाही, तेवढी छाती नव्हती. कागदावर. आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात, प्रत्येक कागदावर शिक्क्यांची रांग असते. साहेबाची चौकट डावीकडे, आपली उजवीकडे. आपला शिक्का जरासा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे आपलं नाव साहेबाच्या नावापुढे वाकलेलं दिसतं. नियम कुठे लिहिलेला नाही, पण मारतात सगळे तसाच. मी सरळ मारायला लागलो. खांबासारखा. आठ महिने, दोनशेवर कागद. कुजिराईला पत्ता नाही. खालच्यांचे शिक्के तो बघतच नसे.

बघितलं ते हात्सुगाई-सानने. दप्तर सांभाळते, पन्नाशीची, जीभ वस्तऱ्यासारखी. जूनमध्ये एक अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"काय रे, परत शेपूट हलवायला लागलास?"

"कोण, मी?"

"मग कोण? बघ केवढा वाकलायस. कपाळ टेकायचं तेवढं राहिलंय."

मी बघितलं. कॅथोडची चाचणी, ऑक्सिजन मिसळलेल्या हवेत, चारशे तास, उत्तीर्ण. चाचणी करणारा सोमेया. खाली माझा शिक्का, चांगला कललेला.

मी असली चाचणी केलीच नव्हती. नुसत्या नायट्रोजनवर साठ तास चालवलं होतं. खरा त्रास ऑक्सिजनचाच. वरच्या हवेत तो भरपूर असतो, तो कॅथोड, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, खातो, आणि कॅथोड मेला की इंजिन मेलं. कुजिराईला तीनदा सांगून झालं होतं. पण त्याला इंजिन द्यायची तारीख गाठायची होती. माझा शिक्का माझ्या खणात असतो, आणि खणाला कुलूप कोण लावतं इथे? त्याने काढला, मारला. पण मनगटाला तीस वर्षांची सवय. स्वतःच्याच हाताने स्वतःला वाकून घेतलं.

मला हसूच आलं.

"दात काय काढतोस? इंजिन बंद पडलं तर मान तुझी जाईल."

"माहितीये."

"मग संचालकांना सांग जा."

"आत्ता नाही. दार लावून एकट्याला सांगण्यात काय मजा, हात्सुगाई-सान?"

"भयंकर आहेस हां तू," म्हणाली. मग जाता जाता, न विचारता, "तुझे सगळे कागद तिसऱ्या कपाटात, वरच्या कप्प्यात."

पाच आठवडे गप्प राहिलो. खरं तर गिऱ्हाइकाला सावध करायला हवं होतं. इंजिन त्यांच्याकडे गेलं होतं, ते स्वतः ऑक्सिजन घालून चालवणार होते. मी नाही केलं सावध. वाट बघत बसलो.

एकेचाळीस तासांत मेलं.

बैठकीला त्यांची पाच माणसं आणि आमचे संचालक एनोकिदो-सान. कुजिराई उठला, कमरेत वाकला. "चाचणी सोमेयाने केली. न शिकलेल्या पोरावर मी विश्वास टाकला, ही चूक सर्वस्वी माझी."

काय कला आहे बघा! माफी स्वतः मागितली आणि खड्ड्यात मला घातलं.

मी म्हणालो, "साहेब, तो अहवाल माझा नाही."

"शिक्का तुझा आहे."

"शिक्का माझा आहे. हात माझा नाही."

आणि तिसऱ्या कपाटातली फाइल टेबलावर पसरली. पान, पान, पान. सगळीकडे मी ताठ. मधोमध तो एक अहवाल ठेवला, लोटांगण घातलेला. गिऱ्हाइकांतल्या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्याने तोंडावर मूठ धरली आणि खोकला काढला.

एनोकिदो-सान म्हणाले, "बाकीचे सगळे असे सरळ का?"

"मला यांच्यापुढे वाकायचं नव्हतं म्हणून."

असलं आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. मी एक कोरा फॉर्म आणि माझा शिक्का कुजिराईपुढे सरकवला. "मारून दाखवा साहेब. माझ्या चौकटीत."

"हा काय पोरखेळ..."

"मारा," एनोकिदो-सान म्हणाले.

त्याने शिक्का शाईत टेकवला. चौकटीवर धरला. बोटं डावीकडे वळली, त्याने उजवीकडे आणली, परत वळली. सगळे बघत होते. शेवटी त्याने शिक्का खाली ठेवला.

"तारीख जवळ आली होती," म्हणाला.

त्याचं पद गेलं. संचालकांनी मला विचारलं, काय पाहिजे. पेटंटवर नाव?

"ते तर द्याच. पण आधी चाचणी परत करू, ऑक्सिजन घालून. आणि आकडे वाचायला हे बसतील."

सोमवारी सकाळी नऊला सुरू केली. टाकीसमोरच्या स्टुलावर कुजिराई, मागे वही घेऊन मी. बुधवारी सकाळी कॅथोडचा विद्युतप्रवाह पडायला लागला. काचेतून माझी जाळी दिसत होती. ती तिचं काम चोख करत होती, आणि तिच्या मागे इंजिन मरत होतं. नवा कॅथोड म्हणजे दोन वर्षं. तोवर दुसरं कुणीतरी वर जाणार, माझ्या जाळीशिवाय. मी वहीत वेळ लिहिली.

"एक पूर्णांक दोन," कुजिराई पुटपुटला. मग, "एक पूर्णांक एक."

"ऐकू येत नाही साहेब," मी म्हणालो. "मोठ्याने वाचा."