तळहातावरचे चार तास

सकाळी पावणेसहाला नीलम्माने नवऱ्याच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला. एकशेचौदा. शिवप्पांनी कपाळाला विभूती लावली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतले, त्यावर पाणी घातले, बेलाचे पान वाहिले. पूजा आटोपल्यावर लिंग डबीत आणि डबी छातीवर; लिंग मरेपर्यंत अंगावेगळे करायचे नसते. मग बिनसाखरेचा चहा. उदगीरच्या त्या घरात दोन वर्षे हा क्रम मोडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ते दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कोसळले. पोटातल्या धमनीवरचा फुगा फुटला होता. लातूरला पोट उघडून रक्त थांबवले. धमनीच्या भिंतीचा मधला थर विरत जाण्याचा हा आजार तिथल्या डॉक्टरांनी उभ्या नोकरीत दुसऱ्यांदाच पाहिला होता. आता यकृताकडे जाणाऱ्या धमनीवर नवा फुगा आला होता. तो फुटण्याआधी नांदेडला मांडीतून नळी घालून बंद करायचा होता. पण गेल्या महिन्यात तिथल्या नर्सने गळ्यातली डबी काढायला सांगितली, तेव्हा शिवप्पा सदऱ्याची बटणे लावून घरी परतले. लातूरला लिंग अंगावर होते म्हणून वाचलो, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जावई रुद्रेश समजावून थकला, शेवटी चिडला.

आज पुन्हा तारीख होती, आणि शिवप्पांनी दुकानाच्या किल्ल्या हातात घेतल्या होत्या.

नीलम्मा पाटावर बसली. 

"अहो, लातूरला लिंग तुमच्या अंगावर नव्हतं."

शिवप्पा थांबले.

"सिस्टरनं दोरा कापला. चार तास माझ्या हातावर होतं. तुम्ही शुद्धीवर यायच्या आत नवा दोरा ओवून बांधलं."

"दोन वर्षं बोलली न्हाईस."

"तुम्ही गावभर सांगत सुटलात. मग कसं बोलू?"

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिले.

"हात अवघडला असंल."

"मुंग्या आल्या. तुम्हाला काय, तुम्ही निजलेले."

त्यांनी किल्ल्या पुन्हा खुंटीला अडकवल्या आणि पिशवीत टॉवेल भरला. साडेसातच्या गाडीने दोघे नांदेडला निघाले.

रुग्णालयात नर्स समोर आली. ती काही म्हणायच्या आत शिवप्पांनी दोरा डोक्यावरून काढला आणि डबी नीलम्माच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"भिंतीला टेकून बस," ते म्हणाले आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.