नाकवालीची सर्दी

त्या दिवशी माझं नाक चोंदलं होतं. साधी सर्दी! सांगायला काय जात होतं माझं? पण नाही. कारखान्यात मी ‘नाकवाली’, पिंपं हुंगून पास-नापास करणारी. नाकवालीलाच सर्दी म्हटल्यावर सगळे महिनाभर फिदीफिदी हसले असते.

साध्या पिंपात कैक वर्षं मुरलेली व्हिस्की आम्ही शेवटचे काही महिने वाइनच्या रिकाम्या पिंपात ठेवतो. लाकडात जिरलेली वाइन तिच्यात उतरते, मनुकांसारखा गोडवा येतो, रंग चढतो. पण पिंप आंबलेलं असलं, तर आंबटपणाही तसाच उतरतो. म्हणून भरण्याआधी ते हुंगायचं. मी नुसतं नाक लावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "फक्कड! भरा."

काल ते पिंप उघडलं. नुसतं व्हिनेगर! इतक्या वर्षांची माती झाली.

मालक मामावर उखडले. मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. पिंपं बांधतो, दुरुस्त करतो. मला इथे चिकटवलं तेही त्यानेच. "नाकवालीनं पास केलेलं पिंप आंबलेलं असेलच कसं? तुम्हीच चुकून नापास पिंप भरायला दिलंत. वय झालं तुमचं. उद्यापासून घरी बसा."

मामा मान खाली घालून उभा राहिला. आणि मी? मूग गिळून गप्प. थू माझ्यावर!

आज आल्या आल्या तडक मालकांच्या खोलीत घुसले. "मला वासच येत नव्हता, तरी पास केलं. मामाची काही चूक नाही."

मालक म्हणाले, "त्यांना म्हणावं, कामाला लागा. आणि तू आजपासून बाटल्यांना लेबलं लाव."

मामा हत्यारं पिशवीत भरत होता. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मामा, घाल शिव्या मला."

"मला शंका आली होती गं," तो म्हणाला. "तू हुंगायच्या आधी बूच मीच काढलं ना. भपकन आंबट वास आला होता."

"अरे, मग तेव्हाच बोलला का नाहीस?" मी ओरडलेच.

"तू फक्कड म्हणालीस. वाटलं, माझंच नाक गेलं." तो हातोडी पिशवीतून काढून परत खुंटीला लावत होता. "तेव्हापासून मामी म्हणते, दूध नासलंय का बघा, तर मी म्हणतो, तूच बघ बाई."