कॉलरच्या आतली पट्टी

निघायच्या आदल्या दिवशी मी यांच्या पाचही शर्टांच्या कॉलरला आतून पट्ट्या शिवल्या. नाव, माझा फोन नंबर आणि खाली, 'यांना विसरायला होतं.' चाळीस वर्षं आम्ही दोघांनी शिवणाचं दुकान चालवलं, त्यामुळे टाका असा की शर्ट फाटेल पण पट्टी निघणार नाही. लेक म्हणत होती, "आई, उत्सवाच्या गर्दीत बाबांना नेऊ नकोस." मी कुणाचं ऐकलंय आजवर? पट्टी आहे ना, म्हणून तिला गप्प केलं.

देऊळ हजार वर्षांचं आहे म्हणतात. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजून खोलगट झालेत. त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाभाऱ्याच्या अलीकडे पहारेकरी ओरडत होता, "पुरुषांनी शर्ट काढून डावीकडे, बायका उजवीकडे." मी यांचा शर्ट काढला, नीट घडी घातली, कॉलर चुरगळू नये म्हणून पिशवीत सगळ्यात वर ठेवला. एवढं सगळं केलं आणि डोक्यात काही शिरलं नाही.

"दर्शन झालं की दारातच थांबा," मी बजावलं.

"हो हो," हे म्हणाले आणि रांगेत मिसळले.

मी बाहेर आले तर दारात हे नाहीत. पहारेकऱ्याला विचारलं. "पुरुषांचं दार मागे आहे, बाई. नदीकडे."

मी धावत मागे गेले. घाटावर शेकडो उघड्या पाठी, सगळे म्हातारे मागून सारखेच. पाणी चार पायऱ्या वर चढलेलं. यांना पोहता येत नाही. लोकांना दाखवायला मी पिशवीतून शर्ट काढला, आणि कॉलरमधली पट्टी माझ्याकडेच बघत होती. यांची ओळख मीच काढून घेतली होती, तीही घडी घालून. एवढी मी शहाणी.

हरवलेल्यांच्या मंडपात माईकवाल्याने यांचं नाव तीनदा पुकारलं. अर्धा तास गेला. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, होडीवाल्यांनाही सांगून ठेवू का?"

होडीवाल्यांना कशाला, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. बसायला गेले तर खुर्चीही नीट दिसेना.

हे हल्ली स्वतःच्या नावाला ओ देतातच असं नाही. मी हाक मारली तरी कधीकधी भिंतीकडे बघत राहतात. पण गिऱ्हाईकाची हाक यांनी जन्मात चुकवली नाही. भरल्या ताटावरून उठायचे, माझ्या शिव्या खायचे, पण उठायचे.

"असं पुकारा," मी म्हटलं. "शिंपीमास्तर, गिऱ्हाईक खोळंबलंय. लाल मंडपात या."

माईकवाल्याने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. पण पुकारलं. मी आणखी एकदा म्हटलं, त्याने आणखी एकदा पुकारलं. पाच-सहा वेळा झालं असेल. दर वेळी मला वाटे, आता कुणी येणार नाही, आता होडीवालाच येणार.

मग गर्दीतून हे आले. लगबगीने, ओशाळं हसत. पँट मांडीपर्यंत भिजलेली. म्हणजे गेले होते पाण्यात.

मला रडू फुटलं. यांनी माझ्या हातातला शर्ट घेतला, कॉलर उलटी केली, पट्टीच्या टाक्यावरून अंगठा फिरवला.

"हात चांगला आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, नम्रपणे, अनोळखी बाईकडे बघावं तसं. "रडू नका हो, ताई. थोडा उशीर झाला. उद्या नक्की देतो."

चाळीस वर्षं हे वाक्य मी शेजारच्या मशीनवर बसून ऐकलं होतं. मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. पाण्याच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी निघाली.

मी यांच्या अंगात शर्ट चढवला, एकेक बटण लावलं.

"चालेल, मास्तर," मी म्हटलं. "उद्या येते."