देवरावची मूठ

देवरावच्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं, पण बोटं काही मिटेनात. आलापल्लीच्या जंगलात बैलांनी ओढलेला सागाचा लठ्ठा घसरून हातावर आला होता. हाड जुळलं, बोटं मात्र फणीच्या दातांसारखी ताठच्या ताठ! चंद्रपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "मूठ मिटली की सुट्टी. तोवर नाही."

आणि पोळा आलेला तोंडावर! आपली बैलजोडी गावच्या तोरणाखाली न्यायची कोणी? मेव्हण्याने? ज्याला धड कासरा धरता येत नाही त्याने? नुसत्या विचाराने देवरावला घास गोड लागेना.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. देवरावने तो डाव्या हाताने खाटेखाली भिरकावला. "मी काय पोट्टा आहो का, चेंडू खेळाले?"

मग अन्नपूर्णा सिस्टरने डोकं चालवलं. रोज सकाळी वॉर्डात घमेलंभर चिकणमाती आणि रंगपेट्या यायला लागल्या. ज्याला जे जमेल ते त्याने करावं.

"बाई, हा दवाखाना हाय का बालवाडी?" देवराव कुरकुरला.

"तुम्ही नका करू, देवरावभाऊ. नुसतं पाहा," सिस्टर म्हणाली.

शेजारच्या खाटेवर पत्रू होता. त्याचा पाय वजन लावून टांगलेला, पण हात मोकळे. त्याने मातीचा बैल केला आणि उंच धरला. "पाह्य गा देवराव, माहा बैल!"

देवरावने पाहिलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वशिंड पार पाठीच्या मधोमध! "बैल हाय का उंट गा? आण इकडे माती!"

एका हाताने बैल होतो थोडाच? उजवा हात आपोआप मातीत शिरला. दुखलं की देवराव पत्रूवर ओरडायचा, पण थांबायचा नाही. पाहता पाहता पत्रूच्या खाटेलगतच्या खिडकीत कळप उभा राहिला. दिवसभर कण्हणारे रामाजीबुवासुद्धा आता फक्त बैलाची शेपटी तुटली की कण्हायचे.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मातीचे झाले म्हणून काय झालं? सिस्टरने हळद-तूप आणलं. सगळा वॉर्ड आपापल्या बैलाचा खांदा चोळत म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

इथवर ठीक होतं. पण पत्रूने सकाळीच केलेला ओला बैल खाटेवरूनच हात लांबवून रांगेत सगळ्यांच्या पुढे ठेवला.

"मागं घे! उंटाले कुठी पहिला मान भेटते?"

"काऊन घेऊ? तुह्या बापाचा दवाखाना हाय का?"

देवरावने बैल ओढला. पत्रूने सोडला नाही. देवरावने जोर लावला आणि पच्च! बैलाचा पार चेंदामेंदा!

नेमके तेव्हाच डॉक्टर दारात. "देवराव! अहो, मूठ! मूठ मिटली तुमची! निघा आता, दुपारची एस.टी. मिळेल!"

वॉर्डाने टाळ्या पिटल्या. देवराव मात्र मुठीकडे बघत राहिला. बोटांच्या फटींतून पिवळी माती बाहेर आलेली. आवतन घेतलेला बैल होता तो! जेवायला बोलावलेल्या पाहुण्याचा गळा दाबावा तसं झालं की हे! पत्रूने भिंतीकडे तोंड फिरवलेलं.

"साहेब, मी सांजच्या गाडीनं जातो," देवराव म्हणाला आणि मातीचं घमेलं ओढून बसला.

पत्रू एका डोळ्याने पाहत होता. "कान मोठे होते."

देवरावने कान मोठे केले.

"डोळा वाकडा जाऊन राह्यला."

देवरावने दात-ओठ खात डोळा सरळ केला. तिसऱ्या खोडीला तो भडकणारच होता, पण शेवटी बैल उभा राहिला. देवरावने त्याचा खांदा चोळला, हात जोडले, पुन्हा आवतन दिलं आणि स्वतःच्या हाताने त्याला रांगेत सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवलं.

"जा गा आता," पत्रू हळूच म्हणाला. "जोडी वाट पाहून राह्यली असन."

देवराव त्याच्या खाटेशी आला. त्याने पत्रूचा हात धरला आणि दाबला.

"आई गं! सोड गा!" पत्रू किंचाळला. "आता माह्या हाताले प्लास्टर लावतं का?"